सोमवारी चालणारा कॉम्प्युटर

१

मंगळवारी सकाळी अमरनाथच्या क्लासमधला कॉम्प्युटर पुन्हा गेला. गेला म्हणजे चोरीला नव्हे. होता तिथंच, टेबलावर बसल्या बसल्या गेला. आधी पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजला, मग कितीही बटणं दाबली तरी अक्षर उमटेना, आणि शेवटी 'टक्' असा आवाज होऊन पडदा काळाठिक्कर पडला.

खुर्चीवर अदिबा होती. शिवरात्रीपासून हे असंच चाललं होतं, आणि दर वेळी खुर्चीवर अदिबाच असायची.

आष्टीच्या पेठेत रेवणप्पांची पिठाची गिरणी. गिरणीला लागून एक खोली, पूर्वी तिथं दळणाची पोती रचलेली असत. नव्व्याण्णव साल उजाडलं आणि त्या खोलीत रेवणप्पांच्या मुलानं, अमरनाथनं, कॉम्प्युटर क्लास काढला. मशीन एकच, तेही पुण्याच्या कुठल्याशा कचेरीनं वापरून टाकलेलं. सकाळी मुलींची बॅच, दुपारी मुलांची. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन बसायचं, आणि भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं वाचायचं: 'धूळ हा कॉम्प्युटरचा शत्रू आहे.'

"बास झालं आता," अमरनाथ म्हणाला. रागानं त्याचा आवाज चढला, तशा गिरणीसमोर डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका क्लासच्या दारात येऊन डोकावू लागल्या. "सोमवारी तू बापाबरोबर बाजाराला जातीस. सोमवारी ह्याला शिंकसुद्धा येत नाही. मंगळवारी तू आलीस, की हा मेला. बाकीच्या पोरी बसल्या की चालतो, तू बसलीस की बंद! मी काय समजायचं?"

"सर, मी फकस्त टाइप करते."

"उद्यापासून येऊ नको."

अदिबा रडली नाही. तिनं कीबोर्डवर प्लास्टिकचं झाकण नीट बसवलं, ओढणी सारखी केली आणि दारातल्या बायकांमधून वाट काढत बाहेर पडली. चपला तिच्या हातातच होत्या. तापल्या रस्त्यावर त्या पायात घालायचंही तिला सुचलं नाही.

कोपऱ्यात सतरंजीवर रुद्राणीबाई बसल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ह्या बाईंनी निम्म्या पेठेला बाराखडी शिकवली होती. सकाळच्या बॅचला त्या रोज येऊन बसत, कारण पेठेतल्या आयाबापांची अटच होती: बाई बसणार असतील तरच मुली येतील. अदिबाचा बाप कासम तर म्हणाला होता, "बाई, तुमच्या भरोशावर धाडतो."

"बाई, तुम्ही तर इथंच असता," अमरनाथ जरा वरमून म्हणाला. "खरं सांगा, तिनं काय केलेलं तुम्ही बघितलं?"

"काही नाही बघितलं."

"मग?"

"मग हेच, की जे काही होतंय ते ह्या खोलीत बसून दिसत नाही. दुसऱ्या कुठून तरी बघायला पाहिजे."

२

अमरनाथनं त्याच दुपारी मशीन पोत्यात गुंडाळून एसटीनं नगरला दुरुस्तीला नेलं. आणि बाई उन्हं कलल्यावर स्टँडजवळ कासमच्या गाड्याकडं निघाल्या.

कासम टरबुजावर बोटं वाजवत होता. बाईंना बघून त्यानं स्टूल पुढं केलं.

"बसा बाई. हे बघा, हे वाजवून मी सांगतो, आतनं लाल हाय का पांढरं. पन त्या डब्ब्याचं आपल्याला काय कळतंय? तुमी म्हनाल ते खरं."

"तिनं काही केलेलं नाही, कासम."

"मला ठावं हाय. पन पेठेला कोन सांगनार? सकाळधरनं चार जनांनी इचारलं, पोरीनं मशीन मोडलं म्हनं." त्यानं टरबूज खाली ठेवलं. "तिची खाला हाय ना रुकसाना, श्रीगोंद्याची, ती दिरासाठी कवाची मागं लागलीया. येत्या सोमवारी बाजार उरकला की येनार हाय, लग्नाची जबान घ्यायला. आजवर टाळलं. म्हटलं, मेमधी पोरीची परीक्षा हाय, मंग बघू. आता काय सांगून टाळू बाई? पोरगी घरी बसली की बसलीच."

बाईंनी बोटांवर दिवस मोजले. सोमवार. म्हणजे हातात आठवडासुद्धा पुरता नव्हता.

अदिबा मागच्या झाडाखाली खरबुजं निवडत होती. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि त्याही निवडू लागल्या. वर्गात एखादं मूल घाबरलं की बाई त्याला प्रश्न विचारत नसत, आधी हाताला काम देत. इथं काम आधीच होतं.

"कसा बंद पडतो गं तो? पहिल्यापासून सांग."

"एकदम न्हाई मरत, बाई. आदी सुस्त होतो. अक्षर दाबलं की उशिरा येतं. आन् वास येतो. इस्त्री कापडावर लई वेळ राहिली की येतो ना, तसा. मंग थिजतो, मंग टक्."

"आणि तुझ्याच वेळेला का?"

"मी सगळ्यात शेवटी बसते म्हनून. लग्नपत्रिकांचं टायपिंग सर मलाच देतात. बाकीच्यांचं होईस्तोवर तास होऊन जातो."

बाईंचा हात थांबला. म्हणजे प्रश्न मुलीचा नव्हता, वेळेचा होता. कॉम्प्युटर तासभर चालतो आणि मग तापतो. त्या वेळी खुर्चीवर जो असेल, तो चोर ठरतो. उलगडलं की! त्या उठणार, एवढ्यात अदिबा हळूच म्हणाली, "पन बाई, सोमवारी माझ्या जागी शिवकन्या बसती. शेवटापर्यंत. तवा का न्हाई बंद पडत?"

बाई पुन्हा खाली बसल्या.

३

दुपारच्या बॅचमधला बसवेश म्हणजे पेठेतलं नामांकित कार्टं. सकाळची वेळ मुलांना मिळावी म्हणून तो अमरनाथच्या मागं लागला होता, कारण दुपारी मधूनच वीज जाई आणि त्याचा मोटारींचा खेळ अर्धवट राही. मुलींची बॅच मोडली तर फायदा त्याचाच होता. शिवाय मागच्या आठवड्यात तो गिरणीच्या बाजूनं मधल्या खिडकीशी घुटमळताना बाईंनी स्वतः पाहिला होता.

खिडकी अशी: क्लास आणि गिरणी ह्यांच्यामधल्या भिंतीत, गज नसलेली. पूर्वी तिच्यातून पोती इकडची तिकडं सरकवत. कॉम्प्युटरचं टेबल नेमकं ह्या खिडकीला टेकलेलं, कारण खोलीतलं विजेचं एकुलतं एक बटण तिथं होतं. मशीनचं तोंड क्लासकडं, पाठ गिरणीकडं.

"काय रे, खिडकीशी काय करत होतास?" बाईंनी त्याला रसाच्या गुऱ्हाळासमोर गाठलं.

"आता बाई! म्या काय मशीनमधी ऊस घातला का काय?"

"चौथीत तू शिवकन्येच्या दप्तरात बेडूक घातला होतास."

"ते येगळं. बेडकाला गॅरंटी नसती." बसवेश हसला, मग बाई हसत नाहीत हे बघून सरळ झाला. "माझी फ्लॉपी पडली होती टेबलामागं. क्लासमधनं हात पुरंना, म्हनून गिरणीतनं गेलतो. तर रेवणप्पाकाका फावडं घिऊन अंगावर आले. 'हात लावू नको बे तिथं!' म्हटलं, कावून? तर काय बोलंचनात. फ्लॉपी आजून तिथंच हाय."

"आणि दुपारी तुमच्या वेळेला कधी बंद पडला?"

"न्हाई ना! वर पत्रा तापून आमचं भजं होतंय, पन मशीन पळतंय. अमरदादापन म्हनतो, गरमीचा प्रश्न असता तर आमच्याच वक्ताला मेला असता."

खरंच होतं ते. सकाळी गारव्यात मरतो, दुपारी भट्टीत जगतो. जगात असा कोणता प्राणी आहे, ज्याला सावलीत घाम फुटतो आणि उन्हात गार वाटतं?

शनिवारी अमरनाथ मशीन घेऊन परतला. चेहरा पडलेला.

"काही बिघाड नाही म्हणे. तीन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवला त्या दुरुस्तीवाल्यानं. हू की चू नाही. म्हणाला, वापरणाऱ्याची चूक आहे. वर कौतुक केलं. एवढं जुनं मशीन आतून इतकं स्वच्छ आपण बघितलं नाही, म्हणाला. पांढरा कण नाही आत."

"पांढरा कण नाही?"

"नाही."

बाईंनी भिंतीकडं पाहिलं. पलीकडं गिरणी धडधडत होती. खोलीतल्या सतरंजीवर, खुर्चीच्या दांड्यावर, 'धूळ हा शत्रू' ह्या अक्षरांवरसुद्धा पिठाचा हलका थर होता. सगळ्या खोलीत पीठ, आणि पाठ गिरणीकडं करून बसलेल्या मशीनच्याच पोटात तेवढं नाही?

४

त्याआधी, शुक्रवारी, बाई ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत गेल्या होत्या. ते आता त्यांना पुन्हा पुन्हा आठवू लागलं.

गिरणीत नेहमीचा कल्लोळ होता. पट्टा फडफडत होता, आणि पीठ जिथून पडतं त्या तोंडाला रेवणप्पांनी कापडाची लांब बाही बांधलेली होती. प्रत्येक गिरणीवाला बांधतो, नाही तर निम्मं पीठ हवेत जाईल. बाईंनी नाकातोंडावर पदर घट्ट धरला. दळण होईपर्यंत पदर पांढरा झाला आणि बाईंना धाप लागली. त्या बाहेर आल्या, पदर झटकला, तेव्हा कुठं छातीत श्वास भरला.

"या बाई, चहा घ्या," मागच्या अंगणातून रेवणप्पांची बायको शांतादेवी म्हणाली.

अंगणातल्या तारेवर मलमलचा एक चौकोनी तुकडा वाळत होता. चारी कडांना दुमड घालून नाडी ओवलेली, लंगोटासारखी.

"हे कसलं गं?"

"इचारू नका! आमच्या ह्यांनी जल्मात कवा तांब्या इसळला न्हाई. आन् शिवरात्रीपासनं रोज दुपारी गिरणी थांबली, की हे फडकं सोताच्या हातानं धुत्यात. म्या म्हनलं, द्या हिकडं, तर न्हाई म्हनले. कशाचं हाय म्हनलं, तर गालात हसत्यात. ह्या आठवड्यात मातर मंगळवारी धुतलं तेवढंच. तवापासनं हे असंच लोंबतंय."

"शिवरात्रीला काय झालं होतं?"

शांतादेवीनं बशी खाली ठेवली. "बापलेकांत वाजलं ना, बाई. पोरगा म्हनला, ही खिडकी बुजवा, तुमच्या पिठानं माझं मशीन मरंल. हे म्हनले, खिडकी बुजवली तर गिरणीत वारा कुठनं येनार, माझा दळनारा गडी घुसमटून मरंल. पोरगा म्हनला, तुमाला माझ्या मशीनपेक्षा गिरणीच प्यारी. तवापासनं दोघं एका ताटलीच्या अंतरावर जेवत्यात, पन बोलत न्हाईत. मीठ पायजे असलं तर मला सांगत्यात, 'त्याला म्हनावं मीठ सरकव.'"

तेव्हा बाई हसल्या होत्या. आता शनिवारी, त्या स्वच्छ मशीनकडं बघताना, त्यांना हसू येईना. त्यांना जे दिसू लागलं होतं, ते खरं ठरलं तर अदिबा सुटणार होती. पण मग दुसरं कोणीतरी पकडलं जाणार होतं.

५

सोमवार उजाडला. अदिबा बापाबरोबर बाजाराला गेली होती. मुली आळीपाळीनं बसल्या, शेवटी शिवकन्या बसली, आणि कॉम्प्युटर मुकाट चालत राहिला.

"बघितलंत, बाई?" अमरनाथ हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता. उलट, आपलं बरोबर ठरलं ह्याचंच त्याला वाईट वाटत असावं. "ती नाही, तर चालतो."

बाई ऐकत होत्या, पण त्याला नव्हे. आज शिवकन्येच्या बोटांखाली कीबोर्डची टकटक स्पष्ट ऐकू येत होती. एरवी कधी येत नसे.

"अमरनाथ, आज गिरणी बंद आहे."

"सोमवारी असतेच बंद. बाबांचा महादेवाचा वार."

"दुपारीही बंद असते."

"दुपारी ते झोपतात. पण त्याचं काय?"

"आणि नगरला त्या माणसाच्या दुकानाशेजारी गिरणी नाही." बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "शांताकडनं एक उदबत्ती आण, पेटवून."

अमरनाथनं आणली. मुली सतरंजीवरून उठून गोळा झाल्या. बाईंनी उदबत्ती हळूच मशीनच्या पाठीमागं, पंख्याच्या जाळीसमोर धरली.

"आता मला सांग, हा पंखा वारा बाहेर टाकतो का आत घेतो?"

"बाहेर टाकतो. आतली गरम हवा बाहेर. पाठीमागचे पंखे त्यासाठीच असतात."

"धूर बघ."

धुराची रेघ वळली. ती बाहेर फेकली गेली नाही. दोरा सुईत जावा तशी ती जाळीतून आत शिरली. अमरनाथ वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"हा उलटा आहे," तो पुटपुटला. "जुन्या मशीनमध्ये असे असतात म्हणे. मी कधी बघितलंच नाही."

"म्हणजे हा पाठीनं श्वास घेतो. आणि त्याची पाठ आहे गिरणीकडं. मग रोज सकाळी पिठात श्वास घेऊनही त्याच्या पोटात पीठ का नाही?"

अमरनाथच्या कपाळावर आठी पडली. तो खिडकीकडं वळणार, तेवढ्यात बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"तू इथं थांब. मी बोलावीपर्यंत पलीकडं यायचं नाही. बाईंची आज्ञा आहे."

६

बंद गिरणीत रेवणप्पा एकटेच होते. वरची तळी काढून ते गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावत होते. छिन्नी-हातोडीचा ठकठक आवाज. चाळीस वर्षं पट्ट्याच्या धडधडाटात काढल्यामुळं त्यांना कमी ऐकू येई. बाई पुढं जाऊन पोत्यावर बसल्या, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"बाई! आज सोमवार हाय, दळन उद्या."

"दळण नाही आणलं. तुमचं फडकं मागायला आले."

छिन्नी थांबली.

"कसलं फडकं?"

"नाडीचं. सकाळी गिरणी सुरू करायच्या आधी तुम्ही ते खिडकीतून हात घालून मशीनच्या पाठीला बांधता. दुपारी गिरणी थांबली की सोडता आणि धुता. सोमवारी गिरणी बंद, म्हणून फडकं नाही. मशीन नगरला होतं, तेव्हा ते तारेवर लोंबत राहिलं. बसवेश खिडकीशी आला, तेव्हा ते बांधलेलं होतं. त्याला दिसू नये म्हणून तुम्ही फावडं उचललंत."

रेवणप्पांनी छिन्नीचं टोक बोटानं पुसलं. मग पोरानं चोरी कबूल करावी तसे हसले.

"त्याला सांगू नका. म्हनंल, म्हातारा लाडीगोडी लावतोय. त्यो म्हनला व्हता, तुमच्या पिठानं मशीन मरंल. खिडकी मला बुजवता येत न्हाई, दळनारा गडी मरतोय घुसमटून. मंग म्हनलं, आपल्या धंद्यात पीठ कसं आवरत्यात? तोंडाला बाही बांधून. त्याच्या मशीनलाबी बांधली. म्या सोता शिवली, बाई, दुहेरी. दोन म्हैने झाले, एक कन जाऊ दिला न्हाई आत. इचारा नगरवाल्याला!"

"विचारलं. तो म्हणाला, इतकं स्वच्छ मशीन बघितलं नाही."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला, की बाईंना तिथंच थांबावंसं वाटलं. पण तिकडं बाजार चालू होता, आणि बाजार उरकला की रुकसाना येणार होती.

"रेवणप्पा, मागच्या शुक्रवारी मी इथं पदर नाकाला लावून उभी होते. पदरानं पीठ अडवलं खरं. पण पदर पिठानं भरला आणि मला वारा मिळेना. तुमची बाही पिठाच्या तोंडाला चालते, तिथून पीठ पडायचं असतं. हे तोंड श्वासाचं आहे. तासाभरात फडक्यावर पिठाचा थर बसतो, मशीनला वारा मिळत नाही, आणि ते आतल्या आत तापून बंद पडतं. वय झालेलं यंत्र आहे ते. नव्यानं कदाचित सोसलं असतं."

रेवणप्पांना समजायला वेळ लागला. समजलं, तेव्हा छिन्नी हातातून सुटली.

"म्हंजी... मीच?"

"तुम्हीच. पण शिक्षा दुसऱ्याला झाली आहे. मशीन बंद पडताना शेवटी खुर्चीवर बसलेली असते कासमची अदिबा. अमरनाथनं तिला मंगळवारी सगळ्यांदेखत काढून टाकलं. आज संध्याकाळी तिचं लग्न ठरवायला माणसं येतायत."

"काढलं? आन् मला कुनी सांगितलं न्हाई?"

"तुम्ही घरात कोणाशी बोलता, सांगणार कोण?"

रेवणप्पा उठले. बाईंना वाटलं, ते क्लासच्या दारातून जातील. पण ते सरळ खिडकीशी गेले आणि तिच्यातून त्यांनी दोन महिन्यांत पहिल्यांदा मुलाला हाक मारली.

"अमर! ये अमर! लुना काड."

खिडकीपलीकडं अमरनाथ उभा होता. किती वेळ, कोण जाणे. बाईंची आज्ञा त्यानं पाळली होती, पलीकडं आला नव्हता. पण भिंतीला खिडकी असली की कानाला आज्ञा लागू पडत नाही. त्याचे डोळे लाल झाले होते.

"दुहेरी शिवलीत, बाबा?"

"इकडनं पीठ जातंय म्हनल्यावर एकेरी कशी शिवू?"

"मला सांगायचंत तरी."

"बोलत व्हतास का तू?"

अमरनाथनं खिडकीतून हात घालून बापाच्या बंडीवरचा दगडाचा भुगा झटकला. "चला. आधी बाजार गाठू."

७

शेजारगावच्या बाजारात कासमचं दुकान म्हणजे जमिनीवर पसरलेली ताडपत्री आणि तिच्यावर टरबुजांचा ढीग. रुकसाना वाट न बघता बाजारातच येऊन ढिगाशेजारी बसली होती. बाई मागून जीपनं पोचल्या, तेव्हा बापलेकांची लुना ताडपत्रीसमोर येऊन थांबलेली होती आणि गिऱ्हाइकं हातातली फळं तशीच धरून बघत होती.

"कासमभाई," रेवणप्पा बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मशीन म्या बंद पाडलं. तुज्या पोरीनं न्हाई. माझ्याकडनं चूक झाली."

"सगळ्यांसमोर मी तिला बोललो," अमरनाथ म्हणाला, "म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी. मी बघितलं नाही, नुसते वार मोजले. अदिबा, उद्यापासून ये. तू आलीस तरच सकाळची बॅच चालेल."

कासमनं एक टरबूज उचललं, बोटानं वाजवलं, आणि रेवणप्पांच्या पुढं धरलं. "न्या काका. आतनं लाल हाय. आमचं ठावं होतं, तुमचं आज कळलं." मग तो रुकसानाकडं वळला. "आपा, तुमी इतक्या लांबनं आलात, दोन दिवस रहा. पन जबानीचं आता न्हाई. परीक्षा होऊ द्या."

"आन् परीक्षेनंतर?"

"नंतरचं ती सांगंल."

सगळ्यांनी अदिबाकडं पाहिलं. ती तराजूची साखळी बोटाभोवती गुंडाळत उभी होती.

"मी येते, सर," ती म्हणाली. "पन एक. मशीन माझ्यासमोर उघडा. माझ्यावर नाव आलं होतं ना? मंग आत काय झालं, ते मला बगायचंय."

मंगळवारी सकाळी कॉम्प्युटरचं पत्र्याचं कवच पहिल्यांदा क्लासमध्ये, मुलींसमोर उतरलं. टेबल खिडकीपासून हलवून समोरच्या भिंतीशी आणलं होतं. लांब वायर जोडून दिली होती बसवेशनं, आपली फ्लॉपी सापडल्याच्या खुशीत. अमरनाथ दाखवत होता आणि अदिबाचे हात काम करत होते. आतल्या चौकोनी तुकड्यावर एक धातूची पट्ट्यापट्ट्यांची वीट होती. तिच्याखालचा पांढरा मलम वाळून चुन्यासारखा झाला होता. म्हातारपण, अमरनाथ म्हणाला. त्यातून उष्णता वर चढत नव्हती, त्यामुळं वारा जरा कमी पडला की संपलंच. अदिबानं तो नखानं अलगद खरवडला, नवा मलम बोटाच्या पेरानं सारखा पसरला. छोट्या पंख्याच्या आसात शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं. रेवणप्पा पिठानं माखलेल्या हातांनी दारात उभे होते. आत यायला ते तयार नव्हते. "मी न्हाई येनार. पुन्यांदा काय बांधलं म्हंजी?"

मग ते गिरणीत गेले आणि पट्टा सुरू झाला. भिंत धडधडू लागली. मुली एकीमागून एक बसल्या, शेवटी अदिबा बसली. कोणीच घरी जायला उठेना.

रुकसाना बाईंजवळ सतरंजीवर टेकली होती. ज्या वस्तूपायी आपल्याला नकार मिळाला ती वस्तू बघायचीच, म्हणून हट्टानं आली होती. पडद्यावर पत्रिकेची अक्षरं ओळीमागून ओळ उतरत होती. तास झाला. मग तासाहून जास्त झाला. बाण थिजला नाही. वास आला नाही. दारात दुपारच्या बॅचची मुलं येऊन थांबली, तरी अमरनाथनं हातानंच त्यांना थोपवून धरलं.

शेवटी रुकसानाला राहवेना. तिनं पुढं वाकून विचारलं, "अगं पोरी, हे बंद कवा पडनार?"

"मी उठले की, खाला," अदिबा मागं न बघता म्हणाली, आणि तिनं पुढची ओळ सुरू केली.